डावीकडे ओढणारी जीप

गाडीचा आजार नागोरावाच्या हाताला कळतो, असं बोईसरच्या वर्कशॉपात सगळे म्हणत. नागोरावालाही ते ऐकायला आवडत असे. माणूस परभणीकडचा. तिकडच्या एका मोटार गॅरेजात उमेदीची पंधरा वर्षं काढली, आणि तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा एका ठेकेदाराकडे मिस्त्री म्हणून तो इकडे आला. ठेकेदाराचे नऊ ट्रक आणि दोन जीपगाड्या होत्या. रेल्वे फाटकापलीकडे पत्र्याची लांब शेड, तिच्यात गाडीखाली उतरायला खणलेला खड्डा, एक जॅक आणि रॉकेलचे दोन डबे, एवढंच ते वर्कशॉप. भाताच्या गिरणीमागे भाड्याची खोली घेऊन बायको सुगंधा आणि दोन मुलींना त्यानं आणलं होतं. केंद्र सुरू झालं की तिथे कायमची नोकरी लागावी, राहायला क्वार्टर मिळावी, इतकंच त्याचं मागणं होतं. तसं मागणं तेव्हा बोईसरात बाहेरून आलेल्या प्रत्येकाचं होतं.

जिव्याची ओळख त्याला वर्कशॉपातच झाली. जिव्या वाणगावच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. आधी जागा साफ करायला मजूर म्हणून आला, मग ट्रक धुवायला लागला, मग क्लीनर झाला, आणि एक दिवस ठाण्याला जाऊन ड्रायव्हरचं लायसन काढून आला. त्याच्या पाड्यावर लायसन बघितलेलाही दुसरा माणूस नव्हता. गाडी सुरू करण्याआधी तो खाली उतरून एक फेरी मारायचा आणि चारही चाकांवर तळहात ठेवून बघायचा. इतर ड्रायव्हर त्यावरून त्याची टिंगल करत. तो सगळ्यांना अरेतुरे करायचा, अगदी मॅनेजरलासुद्धा, कारण त्यांच्या बोलीत अहोजाहो नव्हतंच. सुरुवातीला त्याचं 'मिस्तरी, तू जरा बघ' हे नागोरावाच्या कानाला लागायचं. पुढे ते गोड वाटायला लागलं. या परक्या मुलखात त्याला तू म्हणणारा तेवढा एकच होता.

सदुसष्ट सालच्या जानेवारीत जिव्या जीप घेऊन आला आणि म्हणाला, ब्रेक मारला की गाडी डाव्या अंगाला जाते. नागोरावानं आधी ते मनावर घेतलं नाही. चाकांतली हवा बघितली, ब्रेक थोडे आवळले आणि त्याला वाटेला लावलं. आठवड्यानं जिव्या परत आला आणि तेच म्हणाला. मग मात्र नागोराव त्याच्या शेजारी जाऊन बसला. मिठागरांच्या बाजूच्या सरळ रस्त्याला जीप नेली, वेग धरला आणि त्यानं सांगितलं, मार ब्रेक. जीप अशी काही डावीकडे गेली की तिची दोन चाकं डांबर सोडून धुळीत उतरली. नागोराव खाली उतरून मागे चालत गेला. रस्त्यावर चाक घासल्याची काळी रेघ होती, पण एकच, डाव्या बाजूची. उजव्या बाजूला डांबर स्वच्छ होतं.

वर्कशॉपात आणून त्यानं पुढची दोन्ही चाकं काढली, ड्रम उतरवले. डाव्या चाकातले ब्रेकचे लायनर, ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, झिजून नखाएवढे पातळ झाले होते. ज्या तांब्याच्या रिवेटींनी लायनर बसवलेले असतात त्यांची डोकी उघडी पडून चकाकत होती, आणि ड्रमला आतून चरे पडले होते. उजव्या चाकातले लायनर मात्र काल बसवावेत तसे होते. भोवती जमलेले म्हणाले, डाव्या चाकात काहीतरी बिघाड आहे. नागोराव हसला. जिव्याला जवळ बोलावून त्यानं दोन्ही चाकं दाखवली आणि समजावून सांगितलं.

"झिजलेल्याकडे बघू नको. तो बिचारा दोघांचं काम करतोय म्हणून झिजला. आजारी आहे तो हा, ज्याला काहीच झालेलं दिसत नाही."

मग त्यानं जिव्याला ब्रेकवर हलकेच पाय ठेवायला सांगितला आणि स्वतः उघड्या चाकासमोर उकिडवा बसला. डाव्या चाकातले दोन्ही शू, ज्यांवर लायनर बसतात त्या लोखंडी कमानी, पाय पडताच फाकले. उजव्या चाकातले जागचे हलले नाहीत. आता तेल तिथवर पोचतच नाही, की पोचूनही काम होत नाही, एवढंच बघायचं राहिलं. उजव्या बाजूचं हवा काढायचं बोंडूक त्यानं सैल केलं, जिव्यानं पाय दाबला, तशी तेलाची चिळकांडी नागोरावाच्या मनगटावर आली. म्हणजे नळी मोकळी होती. दोष चाकातल्या, तेलाच्या दाबानं शू फाकवणाऱ्या छोट्या सिलिंडरात होता. तो खोलला तर आतला पिस्टन गंजून जाम बसलेला. लाकडाचा तुकडा लावून ठोकला तेव्हा कुठे बाहेर आला. आतल्या भिंतीला गंजानं देवीच्या वणासारखे खड्डे पाडले होते.

गंज कुठून आला ते जिव्यानंच सांगितलं. ओहोटीच्या वेळी साहेब लोकांना घेऊन ही जीप किनाऱ्याच्या वाळूतून जायची, खाडीचं पाणी तुडवायची. खारं पाणी ड्रममध्ये शिरायचं आणि तिथेच सुकायचं.

नागोरावानं पॉलिश पेपरनं सिलिंडर घासला, नवे रबर घातले, दोन्ही बाजूंना नवे लायनर बसवले. पण खड्डे घासून जाण्यासारखे नव्हते. महिना, फार तर दोन महिने, पिस्टन पुन्हा जाम होणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर खंडेराव घाटावरचा, बोलायला मृदू, आवाज कधी न चढवणारा माणूस. नवा सिलिंडर स्टोअरात नाही, मुंबईला कळवलं आहे, आला की बसवू, असं त्यानं सांगितलं. तोवर जीप उभी ठेवावी, असं नागोराव म्हणाला. खंडेरावानं नकाराची मान हलवली. बाहेरचे पाहुणे येणार होते, जीप पाहिजेच होती. दुरुस्तीच्या वहीत नागोरावानं 'दोन्ही लायनर बदलले' असं लिहिलं आणि पुढे उजव्या सिलिंडराबद्दल लिहायला घेतलं, तेव्हा खंडेराव त्याच्या खांद्यावरून वाचत होता.

"ते कशाला लिहिता? कुणी वाचलं तर गाडी अडकवून ठेवतील. 'गाडी ठीक' एवढं लिहा. सिलिंडर येतोच आहे."

नागोरावानं 'गाडी ठीक' असं लिहून खाली सही केली. जिव्याला त्यानं बजावलं, सावकाश चालव, ब्रेक लांबूनच धरत जा. जिव्या म्हणाला, तू सांगशील तसं.

जिव्यानं तसं केलंही. फेब्रुवारी बरा गेला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि नुसता डावा हात बाजूला वळवून दाखवला. नागोराव समजला. तो खंडेरावाकडे गेला. खंडेराव म्हणाला, पुढच्या आठवड्यात नक्की. नागोराव परत आला आणि जिव्याला म्हणाला, पुढच्या आठवड्यात. ट्रकचं इंजिन उघडं पडलं होतं, तो त्यात शिरला. पुढे आयुष्यभर त्याला त्या इंजिनाचा प्रत्येक नट आठवायचा, पण जिव्या त्यावर काय बोलला ते काही केल्या आठवायचं नाही.

अपघात झाला तो होळीच्या आधीच्या शनिवारी, संध्याकाळी साडेपाचला. कामाची पाळी सुटली होती. डोक्यावर लाकडाचे भारे, हातात डबे घेऊन मजूर बाया रस्त्याच्या डाव्या कडेनं ओळीनं बोईसरकडे चालल्या होत्या. जिव्या रिकामी जीप घेऊन मागून येत होता. समोर बांधावरून एक बैलगाडी एकदम रस्त्यावर चढली. जिव्यानं ब्रेक मारला. बैलगाडी वाचली. जीप डावीकडे ओढली जाऊन बायांच्या ओळीत शिरली. दोघी खड्ड्यात उड्या टाकून वाचल्या. बायडी नावाच्या बावीस वर्षांच्या पोरीला डोक्यावरच्या भाऱ्यामुळे मागचं काही दिसलंच नाही.

ती जिव्याच्या शेजारच्या पाड्यावरची होती. त्यानं तिला स्वतः उचलून दुसऱ्या गाडीत घातलं. दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही. लोक जिव्याला सांगत होते, पळ, डोंगरात जा, कुणाला सापडणार नाहीस. तो तिथेच मैलाच्या दगडावर बसून राहिला. पोलीस आले तेव्हा उठला आणि त्यांच्यामागून चालायला लागला. गावात रात्रीतून बातमी झाली की ड्रायव्हर ताडी पिऊन होता. तो प्यालेला नव्हता. पण डोंगरातल्या माणसाबद्दल एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे.

ठाण्याहून मोटार इन्स्पेक्टर येऊन जीप तपासणार होते. त्याला चार दिवस होते. तोवर ठेकेदाराच्या हमीवर जीप वर्कशॉपच्या आवारातच उभी करून ठेवली होती. सोमवारी सकाळी नागोराव कामावर आला तर खंडेराव आधीच येऊन बसलेला. त्याच्यासमोर टेबलावर पुठ्ठ्याचा छोटा खोका होता. जो सिलिंडर दोन महिन्यांत मुंबईहून आला नव्हता, तो एका रविवारात आला होता.

खंडेरावानं धमकी दिली नाही. तो वहीचं पान उघडून शांतपणे बोलला. 'गाडी ठीक' हे अक्षर नागोरावाचं, सहीही नागोरावाची. उद्या इन्स्पेक्टरनं उजवं चाक खोललं तर मॅनेजरला कुणी काही विचारणार नाही, कारण मॅनेजर मिस्त्री नव्हे. एक बाई मेली आहे, ती काही परत येणार नाही. जिव्या एकटा काही दिवस आत जाऊन बाहेर येईल, त्याच्याबरोबर मिस्त्रीनंही जायचं असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. आणि जाता जाता, जणू दुसराच विषय काढल्यासारखा, तो म्हणाला की केंद्रात कायम घ्यायच्या कारागिरांची नावं पुढच्या महिन्यात जाणार आहेत, आणि पहिलं नाव त्यानं कुणाचं घातलं आहे ते नागोरावाला माहीत असेलच.

नागोरावानं खोका उचलला.

काम त्यानं एकट्यानं केलं. वाईट काम करायची त्याच्या हातांना सवय नव्हती, म्हणून तेही काम चोख झालं. जुना सिलिंडर उतरवला, नवा बसवला, हवा काढली, दोन्ही चाकं हातानं फिरवून फिरवून सारखी केली. मग तो थांबला. नवा सिलिंडर जुन्या लोखंडात पांढरा दिसत होता. हे त्याला खंडेरावानं सांगितलं नव्हतं. त्यानं आपण होऊन कोपऱ्यातलं जुनं ग्रीस घेतलं, त्यात रस्त्याची धूळ कालवली आणि बोटानं त्या नव्या लोखंडावर सारवली. सुगंधानं त्या दिवशी विचारलं की जेवण का गेलं नाही. उन्हाळा बाधतोय, असं त्यानं सांगितलं.

लायनर मात्र त्यानं तसेच ठेवले. दोन महिन्यांत डावे पुन्हा झिजले होते, उजवे भरलेले होते. नवे घातले तर लगेच डोळ्यांत येतील, असं त्यानं खंडेरावाला कारण दिलं. स्वतःशी मात्र त्यानं वेगळंच ठरवलं होतं. इन्स्पेक्टर हुशार असेल तर तो फरक बघेल, बघितला तर विचारेल, आणि त्यानं विचारलं की सांगून टाकायचं. आपण होऊन तोंड उघडायचं धैर्य नव्हतं, पण विचारल्यावर खोटं बोलायचं नाही. एवढ्या एका गोष्टीवर त्यानं ते चार दिवस काढले.

इन्स्पेक्टर हुशार निघाले. उतार वयाचे, जाड भिंगांचा चष्मा, कुणाचा चहा न घेणारे. त्यांनी जीप स्वतः चालवली, सरळ रस्त्याला ब्रेक मारला, उतरून मागे चालत गेले. डांबरावर दोन काळ्या रेघा होत्या, सारख्या लांबीच्या. गाडी सुतासारखी सरळ थांबली होती. त्यांनी कागदावर लिहिलं. तरी तेवढ्यावर न थांबता चाकं काढायला लावली. आधी डाव्या लायनरवर बोट फिरवलं, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. नागोराव शेजारी पाना घेऊन उभा होता. 

"डावा बराच जास्त झिजलाय हो. असं का?"

त्याला हवा होता तोच प्रश्न होता. खंडेराव दहा पावलांवर उभा होता, पण त्यानं काही खूण केली नाही, खोकलासुद्धा नाही. नागोरावानं तोंड उघडलं, आणि कामाबद्दल बोलताना यायचा तसाच शांत, जाणत्याचा आवाज त्याच्या तोंडून आला.

"साहेब, इथले रस्ते डावीकडे उतरते. दगडाचे ट्रक कडा खचवतात. गाडी कायम त्या अंगाला कललेली, म्हणून तो आधी जातो. इथल्या सगळ्याच गाड्यांचं असं आहे."

इन्स्पेक्टरनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. पंधरा-वीस वर्षांच्या कामानं काळे झालेले हात बघितले. मिस्त्री काम जाणणारा आहे, हे त्यांना दिसलं. त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं की ब्रेक निर्दोष आहेत.

खटला पालघरला उभा राहिला. नागोराव साक्षीला गेला तेव्हा जिव्या पिंजऱ्यात उभा होता, पोलिसांनी दिलेला कुणाचा तरी मोठा सदरा घालून. त्यानं एवढंच सांगितलं होतं की ब्रेक मारला, गाडी डाव्या अंगाला गेली, मिस्तरीला ठावं हाय. सरकारी वकिलानं नागोरावाला विचारलं, ड्रायव्हरनं कधी तक्रार केली होती का? जानेवारीत केली होती, असं तो म्हणाला, तेव्हा दुरुस्ती करून दिली, वहीत आहे. त्यानंतर? नागोरावाला शेडच्या दारात डावा हात वळवून दाखवणारा जिव्या दिसला.

"आठवत नाही," तो म्हणाला.

जिव्या त्याच्याकडे बघत होता. नागोरावानं रागाची तयारी ठेवली होती. पण ती नजर रागाची नव्हती. गाडीतलं काही कळेनासं झालं की जिव्या जसा त्याच्या तोंडाकडे बघायचा तसा तो बघत होता, की आता हा सांगेल, मग आपल्याला कळेल. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. लायसन गेलं.

नागोरावाचं काम झालं. पावसाळ्यानंतर केंद्राच्या वर्कशॉपात तो कायम झाला आणि क्वार्टरही मिळाली. नळ घरात होता. मुली शाळेत जायला लागल्या. सुगंधानं शेजारीपाजारी पेढे वाटले. नवे लोक त्याला मान देत, अडलेली गाडी त्याच्याकडेच आणत. एक गोष्ट मात्र त्याच्यानं होईना. ब्रेकचं काम आलं की तो दुसऱ्या कुणाच्या हातात पाना द्यायचा. मोठा मिस्त्री झाला म्हणून असं करतो, असं लोकांना वाटे.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात त्याला कळलं की जिव्या सुटला, आणि वाणगावच्या बाजूला एका खाणीवर दगड फोडतो. त्यानं तीन रविवार टाळले. चौथ्या रविवारी सकाळच्या गाडीनं तो वाणगावला उतरला आणि विचारत विचारत डोंगराकडे चालत निघाला. दोन तासांची वाट होती. वाटेत त्यानं काय बोलायचं ते जुळवलं, पुन्हा मोडलं, पुन्हा जुळवलं.

जिव्या झोपडीपुढे कुडाची काठी तासत बसला होता. केस पांढरे व्हायला लागले होते. त्यानं नागोरावाला ओळखलं, हातानंच बसायची जागा दाखवली. त्याची बायको भागी दारात उभी राहिली, बाहेर आली नाही. नागोरावानं तुरुंगाचं विचारलं, खाणीचं विचारलं. जिव्यानं एकेका शब्दात उत्तरं दिली. मग काठी बाजूला ठेवून तो आपण होऊनच बोलायला लागला, हळूहळू, बऱ्याच दिवसांनी कुणी समजणारा माणूस भेटल्यासारखा.

"मिस्तरी, मी आतमधी लई इचार केला. तो साहेब बोलला ना, बिरेक चांगला हाय. तो मोठा माणूस, त्याचं कोणाशी वाकडं नाय. मंग मीच हात फिरवला आसंल. बैल पाहून भ्यालो आन हात डावीकडं गेला. मला वाटलं गाडी गेली. गाडी नाय, मीच गेलो. आता मला तसंच दिसतं. माझा हात दिसतो."

नागोरावाला ऐकवेना. जिव्यानं शिव्या दिल्या असत्या, काठी उगारली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. जुळवलेलं सगळं विसरून तो सरळ बोलला. सिलिंडर पुन्हा जाम झाला होता. अपघातानंतर सोमवारी त्यानं नवा बसवला. वरून ग्रीस आणि धूळ फासली. लायनरचं इन्स्पेक्टरला कळलं होतं, त्यांनी विचारलं होतं, आणि तो खोटं बोलला. जिव्याचा हात फिरला नव्हता. गाडीच गेली होती.

जिव्या आपले दोन्ही तळहात उलटेसुलटे करून बघत होता.

भागी दारातून म्हणाली, "हा आत होता तवा का नाय आलास? आता तुझं ओझं उतराया आला काय आमच्या दारात?"

 नागोराव म्हणाला, मी कोर्टात लिहून देतो, पाहिजे तर उद्या पालघरला जातो. ते बोलताना त्याला क्वार्टरचा नळ आणि मुलींची दप्तरं डोळ्यांपुढे दिसत होती, आणि जिव्या नको म्हणेल तर बरं, असं मनाच्या तळाशी वाटत होतं. ते त्याचं त्याला कळलं, आणि बसल्या जागी त्याला स्वतःची शिसारी आली.

जिव्या खरंच नको म्हणाला. कागद घेऊन काय करू, तो म्हणाला, वरीस भरून झालं, आणि गाडीवर आता पाय ठेववत नाही. मग तो उठला, खांद्यावर फडकं टाकलं.

"कोर्टात नको. बायडीच्या आईकडं चल. ती मला पाहून थुंकते. तिला सांग."

शेजारचा पाडा टेकाडापलीकडे होता. दोघं एकामागे एक चालत गेले. मधे एकदा नागोरावाच्या मनात आलं की दुपारची गाडी चुकेल, आणि ते म्हणायला त्यानं तोंडही उघडलं, पण जिव्यानं मागे वळून बघितलं नाही, म्हणून ते राहिलं. बायडीची आई झुंबर अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. वाळलेल्या अंगाची, बारीक डोळ्यांची म्हातारी. जिव्याला बघताच तिनं तोंड फिरवलं. जिव्या कुंपणाबाहेरच थांबला आणि म्हणाला, हा मिस्तरी हाय, हा काय सांगतो ते ऐक.

नागोरावानं सांगितलं. जितकं सोपं करून सांगता येईल तितकं सांगितलं, चाकातलं तेल, गंज, सही, सगळं. तिला त्यातलं किती कळलं ते त्याला कळेना. ती फुलं पसरत होती, तिचा हात थांबला नव्हता. त्याचं सांगून झाल्यावर तिनं विचारलं,

"म्हंजे हा नाय. तू."

नागोरावाला म्हणायचं होतं की मी एकटा नाही, मॅनेजर होता, स्टोअर होतं, खारं पाणी होतं. इथवर चालून येताना वाटेत त्यानं हे सगळं जुळवलं होतं.

"हो," तो म्हणाला.

म्हातारीनं हात झटकले. ती उठली, कुंपणापाशी आली आणि जिव्याच्या दंडाला धरून त्याला आत घेऊन गेली. आतून मडक्यातून पाणी काढल्याचा आवाज आला, आणि मग जिव्याचा हुंदका आला, मोठा, आवरायचा प्रयत्न न केलेला. वर्षभरात तो पहिल्यांदाच रडत असावा. म्हातारी हलक्या आवाजात त्याला काहीतरी सांगत होती. ते त्यांच्या बोलीत होतं, नागोरावाला समजलं नाही.

तो अंगणात उन्हात उभा राहिला. जायला कुणी सांगितलं नाही, थांबायलाही नाही. मोहाच्या फुलांचा आंबूस वास येत होता. पाड्यातली दोन-तीन माणसं लांब उभी राहून त्याच्याकडे बघत होती. आत बोलणं चाललं होतं, ते त्याच्याबद्दल नव्हतं, बायडीबद्दल होतं, कारण तिचं नाव तेवढं त्याला ओळखता येत होतं. बऱ्याच वेळानं त्यानं चपला पायात नीट केल्या आणि तो वाणगावच्या वाटेला लागला. संध्याकाळची गाडी त्याला मिळाली.

सोमवारी तो कामावर गेला. कोर्टात त्यानं कधी लिहून दिलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही. जिव्याच्या पाड्यावर तो पुन्हा गेला नाही.